खड्ड्यावर फ्रीज

तांडापेठेत सगळे एकच विचारतात :
काय खाल्लं तिथं, थंडी होती का,
एकूण किती लागले?
मी आकडा कमी करून सांगते.

पोराच्या डॉक्टरकीची पदवी घ्यायला गेले होते,
तीन दिवस उरले.
सुयोग म्हणाला, आई, समुद्र की डोंगर?
रामटेकची टेकडी सोडून डोंगर पाहिला नाही बाप्पा मी,
म्हटलं, डोंगरच.

बस वळणं घेत चढली.
खाली दरीत पांढरं पाणी, वर बीचचं रान,
दगडी घरांना काळे लाकडी सज्जे
आणि गावाचं नाव असं,
की जिभेची दोनदा पायरी चुकते.
साबणाला सापुन म्हणतात, चहाला चाय.
'हो' म्हणायचं तर मान आडवी हलवतात.
सुयोग म्हणे पहिलं वर्षभर फसत होता.
मी कशाला फसते,
इतवारीत भाव पटला की आपणही अशीच हलवतो.

सज्ज्यांवर लाल मिरच्यांच्या माळा.
वाटलं, भिवापुरी वाळत घातली कुणी.
निखाऱ्यावर भाजतात, साल काढतात,
वाटून पावाला फासतात.
पहिल्या घासाला मी तिखटाची वाट पाहिली
बराच वेळ,
उशिराच्या गाडीची पाहावी तशी.
आलंच नाही.
दही मात्र आपल्याहून घट्ट.
हे इथं कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय.
संग्रहालय म्हणजे एक घर, दारात चपलांऐवजी तिकिटं.
आतल्या खोलीत मागावर एक म्हातारी.
दाखवणारी पोरगी म्हणाली, ही बाबा स्तोयना.
सुयोग कानात : इथं आजीला बाबा म्हणतात.

बाबा.
मागावर.

डावा खांदा तसाच जरा उतरलेला.
पावडी दाबली, धोटा गेला,
फणीचा ठोका,
ठोक्यानंतरचा तो एवढासा श्वास.
एक धागा तुटला.
बोटाला थुंकी लावून तिनं गाठ मारली,
न बघता.
ही गाठ मला येते.

मी दोरी ओलांडली.
आई, आई, मनाई आहे, सुयोग म्हणाला.
बाबा बाकावर सरकली.

डोमाजी धकाते, नऊवारी लुगडी, रेशीमकाठ,
एका लुगड्याला चार दिवस
आणि मजुरी हातात पडायच्या आधीच किराणावाल्याची.
मला मागावर बसू दिलं नाही कधी.
'तू शिक. खड्ड्यात पाय सोडून आम्ही आहोत न.'
मी कांड्या भरल्या फक्त.
आणि गाठी.

तिथं सात ओळी विणल्या मी. वाकड्या.
बाबानं त्यांवरून बोट फिरवलं
आणि मान आडवी हलवली.
माझा चेहरा पडला असावा,
कारण सुयोग हसायला लागला.

निघताना तिनं मिरचीच्या वाटणाची बरणी दिली.
पैसे घेतले.
बाजारापेक्षा जास्त घेतले, ते खाली आल्यावर कळलं.

आमचा माग त्र्याण्णव साली गेला,
लाकडाच्या भावात.
खड्डा विटांच्या तुकड्यांनी बुजवला, वर फरशी,
फरशीवर आता फ्रीज,
फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात बरणी.
बाहेर सेहेचाळीस. कूलरमधलं पाणीसुद्धा तापलंय.
मोटर बंद पडताना फ्रीज अंग झाडतो,
फरशीवर एक ठोका बसतो.
मी थांबते.
पुढचा यायला बराच वेळ लागतो.

भाकरीला फासते थोडं,
वरून भिवापुरीचं तिखट.
नंदनवार काकूंना दिलं चाखायला.
'हे जॅम होय का व?'
मी मान हलवली, आडवी.
काकूंनी बोट चाटलं, बरणी उजेडात धरली, तळ पाहिला.
'नुसती मान काय हलवते?
दे आणखी थोडं.'